‘मुडदा बशिवला’ प्रकरणी अपील

गेल्या वर्षी वैशाखात, निवृत्तीनंतर राजापुराजवळच्या आपल्या मूळ गावी जाऊन राहिलेल्या माझ्या एका शाळासोबत्याने परसातल्या फणसाचे छायाचित्र मॅस्टोडॉन या समाजमाध्यमावर टाकले. फणस कापा होता की बरका हे चित्रावरून कळत नव्हते. पण तो फोडून निम्माशिम्मा संपवलेला होता आणि खाली ‘एकट्यानेच’ एवढा एकच शब्द लिहिलेला होता, तेव्हा पन्नास वर्षांच्या मैत्रीला साजेसे उत्तर मी तिथल्या तिथे दिले : ‘तुझा मुडदा बशिवला तो, मेल्या! एक गरा तरी ठेवायचा होतास.’ दुसऱ्या दिवशी सकाळी चहा घेता घेता फोन पाहतो तो माझ्या नावाने एक हुकूम आलेला. अमुक मजकूर काढून टाकला आहे, कारण : हिंसेची धमकी. माझे खाते ज्या सर्व्हरवर आहे तो जर्मनीतला एक सज्जन गृहस्थ दोन मित्रांच्या मदतीने, पदरमोड करून चालवतो. कोणा तिसऱ्याच माणसाने माझ्या उत्तराबद्दल तक्रार नोंदवली होती (तक्रार करणाऱ्याचे नाव आरोपीला सांगत नाहीत, आणि ते योग्यच आहे), आणि त्या गृहस्थाने यंत्राकडून भाषांतर करून घेतले तेव्हा त्याच्यापुढे आलेल्या वाक्याचा अर्थ ‘तुझे प्रेत बसवण्यात आले आहे, हे मृत माणसा’ असा काहीसा होता. एवढ्या पुराव्यावर दुसरा कोणताही न्यायाधीश दुसरा कोणता निकाल देता, हे मला आजही सांगता येत नाही.

हुकुमाखालीच अपिलाची सोय होती. कोकणात काय आणि देशावर काय, आज्या हे वाक्य नातवंडांना उद्देशून दिवसातून चार वेळा उच्चारतात, त्यातल्या एकीच्याही मनात नातवंडाला मरण यावे असे नसते, उलट ज्याच्यावर जीव आहे त्यालाच हे म्हणण्याचा अधिकार पोचतो, असे मी साध्या इंग्रजीत लिहून कळवले. माझ्या मित्राने त्याच्या सर्व्हरवरून त्या गृहस्थाला परभारे एक संदेश धाडला, की ‘तो मेल्या मीच, मी जिवंत आहे, आणि मला धमकी वाटलेली नाही.’ चौथ्या दिवशी अपील मंजूर झाल्याचे कळले. सोबत दिलगिरीही होती. माझ्या खात्यावर पडलेला डाग पुसला गेला. मजकूर मात्र परत आला नाही. कारण इतर शिक्षा मागे घेण्याची तजवीज मॅस्टोडॉनच्या प्रणालीत असली, तरी मॉडरेटरने एकदा काढलेला मजकूर अपील मंजूर झाल्यावर पुनःस्थापित करण्याची सोय तीत ठेवलेलीच नाही. खटला जिंकलो, मुद्देमाल गेला.

हे प्रकरण क्षुल्लक आहे हे मी जाणतो. पण त्याच्या निमित्ताने ज्या व्यवस्थेची कवाडे मला ठोठवावी लागली ती व्यवस्था क्षुल्लक नाही. फेसबुक किंवा पूर्वाश्रमीचे ट्विटर यांच्यासारखी सर्वांना एका छपराखाली घेणारी एकच कंपनी येथे नाही. ऑयगेन रोख्को या जर्मनीतील तरुणाने २०१६ साली मॅस्टोडॉन ही प्रणाली प्रसिद्ध केली ती कोणीही उतरवून घ्यावी आणि आपल्या संगणकावर चालवावी अशा उदार बोलीने. आणि जानेवारी २०१८ मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने ‘ॲक्टिव्हिटीपब’ या संकेताला मान्यता दिली, तेव्हा अशा हजारो स्वतंत्र सर्व्हरांनी परस्परांशी कोणत्या बोलीत बोलावे हेही ठरून गेले. पुणेकराचे ईमेल एका कंपनीकडे आणि नागपूरकराचे दुसरीकडे असले म्हणून जसा पत्रव्यवहार अडत नाही, तसेच हे. या सगळ्या पसाऱ्याला ‘फेडिव्हर्स’ म्हणतात, आणि त्यातल्या प्रत्येक सर्व्हरला स्वतःचा धनी, स्वतःची नियमावली आणि स्वतःचे मॉडरेटर असतात. कोणाचा मजकूर ठेवावा, कोणाचा काढावा, कोणाचा आवाज दाबून ठेवावा आणि कोणाला हद्दपार करावे, हे सारे अधिकार त्या धन्याच्या हाती असतात. त्याच्यावर दुसरा अंमलदार नाही.

भारतीयांची या मुलखाशी पहिली मोठी ओळख झाली तीही एका निवाड्यावरच्या संतापातूनच. २०१९ च्या ऑक्टोबर-नोव्हेंबरात सर्वोच्च न्यायालयातील ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचे खाते ट्विटरने बंद केले. त्यांच्या पानावर १९३६ साली हॅम्बुर्गच्या गोदीत घेतलेले एक प्रसिद्ध छायाचित्र होते : सारा जमाव हात उंचावून नाझी पद्धतीचा सलाम करतो आहे आणि एकच माणूस हाताची घडी घालून उभा आहे. नाझींना नकार देणारे हे चित्र ट्विटरने द्वेषमूलक चित्रांच्या सदरात टाकले. हेगडे दिल्ली उच्च न्यायालयात गेले, आणि इकडे बरेच भारतीय वापरकर्ते निषेध म्हणून ट्विटरवरून उठून मॅस्टोडॉनवर आले. त्यांपैकी कित्येकांची अशी समजूत होती, की दूरच्या कंपनीचा जुलूम टाळून आपण न्यायाच्या राज्यात आलो. वास्तविक झाले एवढेच, की दूरचा न्यायाधीश गेला आणि जवळचा आला. जवळच्या न्यायाधीशाला भेटता येते, त्याला समजावता येते, हा लाभ खरा आहे. फणसाच्या प्रकरणात तो मला मिळाला. पण चित्राचा किंवा वाक्याचा अर्थ न कळता त्याच्या बाह्य रूपावर निकाल देण्याचा दोष दोन्हीकडे सारखाच संभवतो.

आता अपिलाचे स्वरूप पाहू. मॅस्टोडॉनमध्ये अपिलाची रीतसर सोय झाली ती मार्च २०२२ मध्ये आलेल्या ३.५ या आवृत्तीपासून. तोपर्यंत ईमेल पाठवून विनवण्या करणे एवढाच मार्ग होता. आज निर्णयाची तारीख धरून २० दिवसांच्या आत दाद मागता येते, अर्ज २,००० अक्षरांत बसवावा लागतो, आणि एका निर्णयावर एकच अर्ज चालतो. खाते सस्पेंड झाले असले तरी त्याचा विदा ३० दिवसांपर्यंत नष्ट केला जात नाही, त्यामुळे शिक्षा फिरवायला तेवढा अवकाश असतो. वाचून असे वाटते की हे सगळे कोर्टासारखेच आहे. पण अर्ज जातो कोणाकडे? त्याच सर्व्हरच्या त्याच मॉडरेटरांकडे. आणि सर्व्हर एकट्या माणसाचा असेल तर ज्याने शिक्षा दिली त्याच माणसाकडे. आपल्याकडे अपील म्हणजे वरच्या कोर्टाची पायरी चढणे. येथे वर माडीच नाही. जे आहे त्याला फार तर फेरविचाराची विनंती म्हणावे.

या ठिकाणी मला आपल्याकडच्या जुन्या गोतसभा आठवतात. मराठेशाहीतील वतनाच्या तंट्यांत दोन्ही पक्ष आपापली तक्रीर, म्हणजे बाजू, लेखी देत, सभेचा निवाडा मान्य करू असा राजीनामा आधीच लिहून देत (आजचा राजीनामा निराळा), आणि हरणाऱ्याकडून हार कबूल केल्याचे यजितखत लिहून घेतले जाई. खाते उघडताना नियमावलीखाली ‘मान्य’ म्हणून जे बटण आपण न वाचता दाबतो, तो वस्तुतः आपला त्या जुन्या अर्थाचा राजीनामाच होय. पण त्या कारभारात एक शहाणपणाची तरतूद होती, की स्थानिक सभा पक्षपात करील अशी शंका असली तर वाद परस्थळी, म्हणजे दुसऱ्या गावच्या तिऱ्हाईत सभेपुढे, न्यावा अशी मागणी करता येत असे. फेडिव्हर्समध्ये आपण स्वतः दुसऱ्या गावी जाऊ शकतो, वाद मात्र नेता येत नाही. हा भेद वरवर बारीक दिसला तरी माझ्या मते सगळे दुखणे त्यातच आहे. ‘पटत नसेल तर दुसऱ्या सर्व्हरवर जा’ हे उत्तर तेथे इतक्या सहजपणे दिले जाते की त्याला एखाद्या सिद्धांताचे रूप आले आहे. स्थलांतराने अनुयायी सोबत येतात हे खरे, परंतु लिहिलेला मजकूर मागेच राहतो. आणि खाते सस्पेंड झालेले असेल तर स्थलांतराची वाटही बंद होते. शिवाय निघून जाण्याने अन्यायाचे निवारण होत नाही. त्याचा विसर पडतो, इतकेच.

याहून कठीण प्रसंग येतो तो दुसऱ्या सर्व्हरने दिलेल्या शिक्षेचा. एखाद्या परक्या सर्व्हरच्या मॉडरेटरने माझे खाते त्यांच्या हद्दीत बंद केले, तर मला त्याची सूचना मिळत नाही. तेथील माझे मित्र एकाएकी अबोल झाले असे मला वाटत राहते. आणि त्याने माझा अख्खा सर्व्हरच तोडून टाकला, ज्याला तिकडे ‘डिफेडरेट करणे’ म्हणतात, तर माझ्यासह सगळे गाव वाळीत पडते. माझ्याच सर्व्हरच्या धन्याने दुसऱ्या सर्व्हरशी संबंध तोडल्यामुळे कोणते अनुयायी गमावले हे कळवण्याची व्यवस्था ४.३ या आवृत्तीत, २०२४ साली, आली. परक्याने आपल्याला तोडल्याची वार्ता मात्र अजूनही कर्णोपकर्णीच येते.

‘वाळीत’ हा शब्द मराठी माणूस सहजी वापरत नाही. सामाजिक बहिष्काराविरुद्ध २०१६ साली स्वतंत्र कायदा करावा लागलेले हे राज्य आहे. तोडलेल्या सर्व्हरचे पाणी कोणी बंद करत नाही, त्याची लग्ने अडत नाहीत, आणि बाकीच्या हजारो सर्व्हरांशी त्याचे बोलणे चालू राहते, एवढा फरक ध्यानात ठेवूनच ही तुलना करावी. तसेच हे हत्यार नेहमी अन्यायाचेच असते असेही नाही. जुलै २०१९ मध्ये अतिउजव्यांचे आश्रयस्थान म्हणून कुख्यात असलेल्या ‘गॅब’ने मॅस्टोडॉनची प्रणाली उचलली, तेव्हा असंख्य सर्व्हरांनी त्याला दारातच अडवले, आणि माझ्या मते ते योग्य केले. पण जून २०२३ चे ‘बीहॉ’चे उदाहरण पाहा. रेडिटवरील असंतोषामुळे लोकांचे लोंढे ‘लेमी’ या दुसऱ्या विकेंद्रित प्रणालीकडे वळले असताना, चार चालकांच्या बीहॉ या सर्व्हरने ‘लेमी डॉट वर्ल्ड’सह दोन अतिविशाल सर्व्हरांशी संबंध तोडले. तेथे कोणालाही विनाचौकशी खाते मिळत होते, आणि येणाऱ्या उपद्रवाची छाननी करण्याइतकी साधने आपल्यापाशी नाहीत, हे कारण त्यांनी मोकळेपणाने जाहीर केले. कारण खरे होते. तरीही त्या दोन सर्व्हरांवरच्या ज्या सहस्रावधी लोकांनी बीहॉवर कधी वावगा शब्द लिहिला नव्हता, त्यांनी कोणत्या कलमाखाली आणि कोणापुढे दाद मागावी? ते आरोपीही नव्हते. नोव्हेंबर २०२२ मध्ये पत्रकारांसाठी निघालेल्या ‘जर्ना डॉट होस्ट’ या सर्व्हरचेही असेच झाले : काही सदस्यांच्या मजकुराबद्दल आक्षेप निघाले आणि अनेक शेजाऱ्यांनी सबंध सर्व्हरच तोडला. ओल्याबरोबर सुके जळण्याचा हा प्रकार या रचनेच्या मुळातच आहे.

कारण जाहीर करावे की नाही हेही धन्याच्या मर्जीवर असते. मॅस्टोडॉनमध्ये एखादा सर्व्हर तोडताना दोन शेरे लिहिता येतात, एक जनतेसाठी आणि एक दफ्तरासाठी. आणि तोडलेल्यांची यादी सर्वांना दाखवावी, फक्त सदस्यांना दाखवावी की कोणालाच दाखवू नये, हेही धनीच ठरवतो. काही सर्व्हरांच्या माहितीच्या पानावर ही यादी नीट कारणांसह वाचायला मिळते. लेमीमध्ये याहून बरी रीत आहे : कोणता मजकूर केव्हा आणि कोणत्या कारणाने काढला याचा रोजनामा सर्वांसाठी उघडा असतो.

मॉडरेटरांची बाजू मांडल्यावाचून पुढे जाणे अन्यायाचे होईल. ही माणसे बहुधा बिनपगारी असतात, दिवसाची नोकरी आटोपून रात्री तक्रारींच्या राशीपुढे बसतात, आणि जे पाहून सामान्य माणसाची झोप उडावी ते त्यांना नेमाने पाहावे लागते. ऑगस्ट २०१८ मध्ये विल व्हीटन हा अमेरिकन नट ट्विटर सोडून मॅस्टोडॉनच्या एका सर्व्हरवर आला, तेव्हा त्याच्याविरुद्ध तक्रारींचा असा पाऊस पडला, की त्यांची शहानिशा करणे हाताबाहेर जाऊन चालकाने अखेर त्याचेच खाते बंद केले. तक्रारी खऱ्या होत्या म्हणून नव्हे. त्या पुष्कळ होत्या म्हणून. झुंडीने तक्रारी करून एखाद्याला घालवता येते हा धडा त्या दिवशी पुष्कळांनी घेतला, आणि दुर्दैवाने तो सगळ्यांनीच चांगल्या हेतूने घेतला नाही.

विकेंद्रित म्हणवणाऱ्या ‘ब्लूस्काय’ने निराळी वाट धरली आहे. मार्च २०२४ पासून तेथे बाहेरच्या कोणालाही मजकुरावर चिठ्ठ्या चिकटवण्याची, म्हणजे ‘लेबल’ लावण्याची, सेवा चालवता येते, आणि कोणाच्या चिठ्ठ्या मानायच्या हे वाचणारा ठरवतो. कल्पना सुरेख आहे. परंतु माणूस चिठ्ठीवरही भांडतोच : कंपनीच्याच अहवालानुसार २०२४ या एका वर्षात सुमारे ९३,००० वापरकर्त्यांनी मिळून दोन लाखांहून अधिक अपिले केली, आणि त्यांतील बहुतेक लेबलांवरच्या मतभेदांची होती.

मग सरकारी कायदा कोठे आहे? युरोपीय संघाचा डिजिटल सेवा कायदा १७ फेब्रुवारी २०२४ पासून पूर्णपणे लागू झाला. मजकूर काढला तर सकारण निवेदन द्यावे, हे त्याचे १७ वे कलम लहानमोठ्या सर्व होस्टिंग सेवांना बांधते. परंतु सहा महिन्यांपर्यंत विनामूल्य तक्रार ऐकण्याची यंत्रणा आणि न्यायालयाबाहेरील तिऱ्हाईत मंडळाकडे जाण्याचा मार्ग, या २० व्या आणि २१ व्या कलमांतून पन्नासांहून कमी नोकरांच्या लहान संस्थांना वगळले आहे. वगळणे योग्यच, घरच्या कपाटात सर्व्हर ठेवणाऱ्या माणसाकडून कचेरी उघडण्याची अपेक्षा कोण करील? आपल्याकडे २०२१ च्या माहिती तंत्रज्ञान नियमांनी तक्रार अधिकारी नेमणे, २४ तासांत पोच देणे आणि साधारणतः १५ दिवसांत निकाल देणे आवश्यक केले, आणि ऑक्टोबर २०२२ च्या दुरुस्तीने त्यावर अपील समित्यांची पायरी बसवली. अशा तीन समित्या जानेवारी २०२३ मध्ये अधिसूचित झाल्या, १ मार्चपासून त्यांच्याकडे अर्ज घेतले जाऊ लागले, आणि निर्णय कळल्यापासून ३० दिवसांत त्यांच्याकडे जाता येते. कागदावर ही खरी वरची पायरी आहे. पण तिची सारी बांधणी कचेरी, अधिकारी आणि पत्ता असलेल्या कंपनीला गृहीत धरून झालेली असल्याने, जर्मनीतल्या तिघा हौशी मित्रांविरुद्ध दिल्लीच्या समितीकडून हुकूम मिळाला तरी तो बजावायचा कोठे, हा प्रश्न उरतोच. आणि सरकारने नेमलेल्या समितीच्या हाती अशा सर्व्हरांच्या नाड्या द्याव्यात, असेही मला वाटत नाही.

मला वाटते ते एवढेच, की परस्थळाची जुनी रीत या नव्या मुलखात आणावी. तीनचार समविचारी सर्व्हरांनी आपसांत करार करावा, की ज्याने शिक्षा दिली त्याने अपील ऐकायचे नाही, ते शेजाऱ्याने ऐकायचे आणि आपले मत कारणासह लिहून द्यायचे. याला खर्च नाही, कायदा नको, आणि धन्याच्या अधिकाराला बाधही येत नाही, कारण शेवटचा शब्द हवा तर त्याचाच राहावा. मराठीतील मजकुरावर निवाडा देण्यापूर्वी मराठी जाणणाऱ्या शेजाऱ्याला विचारण्याची सोय असती, तर माझा फणस वाचला असता.

तोवर दाद मागणाऱ्याने आपली तक्रीर नीट लिहावी. हुकूम वाचल्याबरोबर पहिल्या तिरीमिरीत काही खरडू नये. २० दिवस असतात आणि संधी एकच असते. नियमावलीतले नेमके कलम उद्धृत करावे. मजकूर मराठीत असेल तर त्याचा अर्थ आणि प्रसंग, भाषेशी सर्वस्वी अपरिचित माणसाला कळेल असा समजावून द्यावा, आणि ज्याला उद्देशून तो होता त्याची साक्ष जोडता आली तर जोडावी. मॉडरेटरच्या हेतूविषयी शब्दही काढू नये; तो रात्री अकरा वाजता, बहुधा जेवून झाल्यावर, आपला अर्ज वाचणार आहे. आपण ज्यांना फॉलो करतो त्यांची यादी आणि आपल्या साऱ्या लिखाणाची प्रत मात्र निवाड्याची वाट न पाहता आजच उतरवून ठेवावी. ही सोय सेटिंग्जमध्ये आहे, आणि लिखाणाची प्रत सात दिवसांतून एकदाच मागता येते.